दवाखान्याचा रॅम्प आणि बाकीच्या फायली

मंगळवार, ६ फेब्रुवारी

ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो आहे. लिहायला बसलो की मी नीट लिहितो आणि त्यामुळे लांबतं, हे तुला माहीत आहे. तक्रार करू नकोस. फोन उचलला असतास तर इतकं वाचावं लागलं नसतं.

आधी कामाचं. नव्या दवाखान्याचे नकाशे रिकामे झाले आहेत. फाईल उघडते, चौकट दिसते, उत्तर दिशेचा बाण दिसतो, खाली 'आखणी' या रकान्यात तुझं नाव दिसतं आणि मध्ये जिथे अख्खा दवाखाना असायला हवा तिथे एक बारीक ओळ येते. कुठल्यातरी फोल्डरचा पत्ता. भिंत नाही, दार नाही, जिना नाही. तू जाताना काय करून गेलीस? मी आरोप करत नाही, विचारतो आहे. पण एखाद्याला आरोप वाटला तर त्याचीही काही चूक नाही.

पायाची आखणी आता तोंडावर आली आहे. काका स्वतःची केबिन सोडून दर तासाला माझ्या खांद्यावरून डोकावतात. "झालं का?" म्हणतात. मी "होतंय" म्हणतो. काय होतंय ते मलाच माहीत नाही.

आणि या फायलींच्या जाती! एकाच दवाखान्याची नावं तीच आणि शेपटं वेगळी. डीडब्ल्यूजी, डीडब्ल्यूटी, बीएके, पीडीएफ, आणि एकाला तर शेवटी डॉलरचं चिन्ह. हे कोणी ठरवलं? कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या क्लासमध्ये आम्हाला रेघ ओढायला शिकवलं, वर्तुळ काढायला शिकवलं, जास्तीचा तुकडा छाटायला शिकवलं. फाईल म्हणजे काय, हे कोणी शिकवलं नाही. पुढे शिकवणार असतील. मी क्लास अर्धवट सोडला हे मला माहीत आहे, ते परत लिहून कळवू नकोस.

बाबा म्हणतात, तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तुझ्या खुर्चीवर बसलो याचा तुला राग आहे. मग कोणी बसायचं होतं? काका स्वतः बसले असते म्हणावं, तर एक रेघ सरकवायला त्यांना अर्धा तास लागतो. मी खुर्चीची उंचीसुद्धा बदललेली नाही. माझे गुडघे टेबलाला लागतात. तरी बदललेली नाही.

आणि भांडलीस कशावरून? मी बाहेर नकाशे छापायच्या प्लॉटरला कागद लावत होतो, दाराआडून मला 'माझं नाव, माझं नाव' एवढंच ऐकू आलं. आहे की तुझं नाव! प्रत्येक शीटवर आहे, माझ्या डोळ्यांना दिसतंय. काकांनी ते कुठे काढलंय? नावासाठी कोणी गाव सोडून जातं का?

हा दवाखाना लवकर होणं मला हवं आहे, कारण बाबांना व्यायामाला न्यायचं असतं. आत्ताच्या दवाखान्याला पायऱ्या आहेत. मी आणि तिथला वॉचमन बाबांना चाकांच्या खुर्चीसकट उचलतो आणि वर पोचेपर्यंत बाबा त्या वॉचमनच्या घराण्याचा उद्धार करतात. काल तो म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी तुम्ही मला उचला, मी शिव्या देतो." बाबा हसले, पण घरी आल्यावर बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले. पूर्वी तू असायचीस तेव्हा खुर्ची मागून तू धरायचीस. तुला हे सगळं सांगायला नको.

नकाशे परत कसे आणायचे ते कळव. ओरडायचं असेल तर ओरड, पण कळव.

तुझा भाऊ


शुक्रवार, ९ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं. मी दोन पानं लिहिली आणि तू पाच वाक्यं. 'नकाशे रिकामे नाहीत. बाहेरून जोडलेले आहेत. फाईली हलवल्यास का? माझं नाव काढ. रॅम्प मोज.' बाबा कसे आहेत, हे विचारायला सहावं वाक्य लागलं असतं. आणि 'फायली' लिहितात. असो.

मी काहीही हलवलेलं नाही. मी फक्त आवरलं.

तुझा तो फोल्डर तू कधी बाहेरच्या माणसाच्या नजरेने बघितलास का? नकाशाशेजारी फोटो, फोटोशेजारी पीडीएफ, त्यात तुझी खरेदीची चिठ्ठी, त्यात 'नवा', 'नवा२', 'नवाखरा'. गॅरेजवाला नट आणि बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो, तसं मी प्रत्येक शेपटाला एक फोल्डर केला. सगळ्या डीडब्ल्यूजी एका घरात, सगळ्या पीडीएफ दुसऱ्या घरात. त्यातही शीटच्या फायली वेगळ्या, आराखड्याच्या वेगळ्या. सुंदर दिसत होतं. काकांनासुद्धा दाखवलं. काका म्हणाले, "वा! हिच्या काळात असं कधी बघितलं नाही." ते तुला लागेल, म्हणून सांगणार नव्हतो. पण आता सांगितलं.

तर मला जे कळलं ते असं. तळमजल्याचा आराखडा एका फाईलमध्ये आहे. शीट ही दुसरी फाईल. शीटमध्ये दवाखाना नसतोच, शीट फक्त खिडकीतून त्या पहिल्या फाईलकडे बघत असते, आणि कुठे बघायचं तो पत्ता तिने लिहून ठेवलेला असतो. मी आराखडा उचलून दुसऱ्या घरात ठेवला, तर शीट बिचारी जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसली. मग तिने पत्ता तेवढा दाखवला.

ठीक आहे. कळलं. पण ही काय रीत झाली? आवरल्यावर मोडतं, आणि पसारा असला की चालतं! अशी रीत लावायची असेल तर फोल्डरवर पाटी लावायची, 'हात लावू नये.' मी एकेक फाईल परत जुन्या जागी नेऊन ठेवली. तुझ्या खरेदीच्या चिठ्ठीसकट. दवाखाना परत आला. काकांना मी सांगितलं की कॉम्प्युटरचा बिघाड होता. तू त्यांना काही बोलणार नाहीस, कारण तू त्यांच्याशी बोलतच नाहीस. हा एक फायदा.

बाकीच्या शेपटांचं तू काही सांगितलं नाहीस, म्हणून मी स्वतः उघडून उघडून बघितलं. डीडब्ल्यूजी म्हणजे जिवंत नकाशा. त्यात भिंत ओढता येते, सरकवता येते, पुसता येते. पीडीएफ म्हणजे काचेच्या मागचा नकाशा, गिऱ्हाइकाला दाखवायचा. डीडब्ल्यूटी म्हणजे कोरा कागद, पण आपल्या ऑफिसची चौकट आणि अक्षरं आधीच घातलेला, दर वेळी नव्याने घालावी लागू नयेत म्हणून. त्यात काहीतरी काढून सेव्ह करायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं जेव्हा कालपासून ऑफिसातला प्रत्येक नवा नकाशा दवाखान्याच्या संडासासकट उघडायला लागला. काकांनी एका गिऱ्हाइकाच्या गोडाऊनचं काम काढलं, तर मधोमध संडास. "हे काय?" म्हणाले. मी म्हटलं, "सोय." तेही निस्तरलं.

आता तुझा रॅम्प. मी इथे बुडतो आहे आणि तुला रॅम्प मोजून हवा! मोजला. जोतं दोन फूट उंच, रॅम्प चौदा फूट लांब. पुढे दहा फुटांचं औषधांचं दुकान. बरोबर बसतंय सगळं, एक रेघ इकडची तिकडे नाही. झालं समाधान?

नाव मी काढणार नाही. हा रुसवा मला कळत नाही. नाव नव्हतं म्हणून भांडलीस म्हणावं, तर नाव आहे. आहे, तर काढ म्हणतेस. काढायचं असेल तर ये आणि स्वतःच्या हाताने काढ.

बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

तुझा भाऊ


बुधवार, १४ फेब्रुवारी

ताई,

'चोवीस होता. बीएके उघड.' आता पाचाची दोन वाक्यं झाली. पुढच्या वेळी नुसता पूर्णविराम पाठवशील.

बीएके नाहीत.

नाहीत म्हणजे आता नाहीत.

त्याचं असं झालं की मी आवरत होतो तेव्हा मला दिसलं, प्रत्येक नकाशाच्या शेजारी त्याच नावाची एक बीएके. नाव तेच, दवाखाना तोच. मला वाटलं, दुबार. दोनदा टिचकी मारली तर उघडतसुद्धा नव्हती. जी फाईल उघडत नाही ती कशाला ठेवायची? मी सगळ्या काढून टाकल्या. मग कचऱ्याची टोपली भरलेली दिसली, ती मला बघवत नाही. तीही रिकामी केली. आणि तू बीएके म्हणालीस म्हणून शोधलं, तर कळलं, सेव्ह केलं की आधीचा नकाशा बीएके होऊन शेजारी बसतो, आणि शेपूट बदललं की उठून उभा राहतो! आधी सांगायला काय झालं होतं? तू खुर्ची सोडलीस, किल्ली सोडलीस, सांगण्यासारखं एवढं एक होतं ते बरोबर घेऊन गेलीस.

डॉलरवाली फाईलही शोधली. ती म्हणे मशीन आपलं आपण मधूनमधून ठेवत असतं. एकच सापडली. तिच्यात संडास होता.

मग मी काकांना सरळ विचारलं. ते चहा पीत होते.

"काका, रॅम्प चोवीस फूट होता का?"

"कोण म्हणालं?"

"तसं कुठेतरी आठवतंय."

काकांनी कप ठेवला. "होता. डॉक्टरबाईंना पुढे औषधांचं दुकान हवं होतं. मग दहा फूट आणायचे कुठून? आभाळातून?"

"पण मग चढ खूप होतो ना."

"अरे, रॅम्प काढलाय ना नकाशात? दिसतोय ना? झालं तर मग. पेशंटला काय कोणी एकटं पाठवतं? नातेवाईक असतात, वॉर्डबॉय असतो, लावतात हात."

"ताईने काढलेला तुम्ही बदललात?"

"मी एक रेघ आखूड केली. आणि ती एका रेघेसाठी घर सोडून गेली. तू तरी डोकं ठिकाणावर ठेव."

रेघेचंच तर काम करतो आपण, हे मला जागेवर सुचलं नाही. घरी येताना सुचलं.

मला अजूनही वाटत होतं की तू राईचा पर्वत करते आहेस. चौदा काय आणि चोवीस काय, दोन्ही चढच. म्हणून रविवारी बाबांना घेऊन टायरच्या दुकानामागे गेलो, तिथे माल चढवायचा उतार आहे ना, तिथे. टेप लावून बघितला. जवळजवळ तसाच निघाला, काकांच्या रॅम्पसारखा. बाबांना म्हटलं, "चला, एक गंमत करू."

"माझ्या वयात गंमत खुर्चीसकट करू नये," बाबा म्हणाले. पण बसून राहिले, करतात काय.

निम्म्यापर्यंत मी नेटाने नेलं. मग माझ्या चपला घसरायला लागल्या. खुर्ची पुढेही जाईना आणि मागे सोडताही येईना. हात ताठ, तोंड बाबांच्या पाठीला टेकलेलं. बाबा म्हणाले, "काय रे, पोचलो का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग तू श्वास का घेत नाहीस?" शेवटी टायरवाला धावत आला आणि दोघांनी मिळून त्यांना खाली आणलं. उलटं, पाठीच्या बाजूने. खाली येईपर्यंत बाबांनी एकही शिवी दिली नाही. त्यांनी खुर्चीच्या दांड्या इतक्या घट्ट धरल्या होत्या की बोटं सोडवायला वेळ लागला.

हे तिलाही सांगू नकोस, असं बाबा म्हणाले. म्हणून सांगतो आहे.

काकांचा हा सख्खा भाऊ आहे. काकांना हे माहीत नाही का? दर आठवड्याला घरी येतात, त्याच खुर्चीशेजारी बसून पेपर वाचतात.

तुझ्या चोवीस फुटांचा नकाशा कुठेच उरलेला नाही. पीडीएफ आहे ती काकांनी बदल केल्यानंतरची. तू तुझ्याकडे एक प्रत ठेवली असशील तर पाठव. ठेवली नसशील, तर तूही माझ्याइतकीच शहाणी.

तुझा भाऊ


सोमवार, १९ फेब्रुवारी

ताई,

तू प्रत ठेवली नाहीस. 'ऑफिसची फाईल ऑफिसात ठेवली.' वा! काय तत्त्व आहे. मी वाचून थोडा वेळ उठून फेऱ्या मारल्या.

पण रॅम्प सापडला. कुठे, ते ऐक.

शनिवारी डॉक्टरबाई ऑफिसात आल्या होत्या, खिडक्यांचं बघायला. तेवढ्यात खाली टेम्पो थांबला आणि रेलिंगवाला जिना चढून वर आला. तो कसा येतो ते तुला माहीत आहे, आधी आवाज येतो, मग तो येतो.

"अहो, तुमचा रॅम्प काय धुतल्यावर आटला का?"

काका म्हणाले, "हळू. पार्टी बसली आहे."

"बसू दे की! पार्टीलाच विचारतो. मी साइटवर गेलो, गवंड्याने चुन्याची रेघ मारलीय चौदा फुटांची. माझ्याकडे चोवीस फुटांची रेलिंग कापून तयार. उरलेली कुठे लावू? तुमच्या दुकानाच्या काउंटरवर?"

तू त्याला रेलिंगमधल्या जाळीच्या पट्ट्या कापायला डीएक्सएफ दिली होतीस. काकांनी रेघ आखूड करायच्या आधी. त्याचं कापायचं मशीन आपली डीडब्ल्यूजी खात नाही, त्याला डीएक्सएफच लागते, हे त्याने मला हात वर करून करून समजावलं, जणू मशीन त्याचा जावई आहे. मी त्याच्या खिशातल्या पेन ड्राइव्हवरून फाईल घेतली आणि तिथेच उघडली. डीएक्सएफ म्हणजे काय, तर नकाशा परक्या घरी पाठवायचा तेव्हाचं बोचकं. ऑफिसची चौकट नाही, शिक्का नाही, तुझं नाव नाही. नुसत्या रेघा. पण रेघा खऱ्या. माप लावलं. चोवीस.

डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला. "दोन वेगवेगळी मापं कशी काय?"

आणि काका काय म्हणाले असतील? म्हणाले, "आधी जी मुलगी होती ना, तिची चूक. घाईत काढायची. आम्ही नंतर दुरुस्त केलं."

आधी जी मुलगी होती! ताई, मी तुझ्यावर चिडलेलो आहे आणि ते मी तुझ्याशी बघून घेईन. पण हे मला ऐकवेना. मी काकांच्या ऑफिसात आजवर मोठ्याने बोललेलो नाही. बोलायला लागलो तर आवाज चिरका निघाला, तरी थांबलो नाही.

मी म्हटलं, "ती मुलगी माझी बहीण आहे. चोवीस बरोबर होतं. चौदा आम्ही केलं, दुकानासाठी. माझे वडील खुर्चीवर असतात, मी त्यांना अशाच चढावर नेऊन बघितलंय. ते वर गेले नाहीत आणि खालीही नीट आले नाहीत."

काका म्हणाले, "दादाला नेलंस? कुठे?"

"टायरवाल्याच्या मागे."

"वेडा आहेस का? पडला असता तो!"

मी म्हटलं, "हो."

मग रेलिंगवाल्याने आवाज न करता टेप गुंडाळली, आणि हे त्याच्या बाबतीत प्रथमच घडलं असावं. काका खिडकीकडे बघत होते.

डॉक्टरबाई भल्या आहेत म्हणावं, तर तसंही नाही. त्या म्हणाल्या, "दुकान मला हवंच. ते माझ्या भाच्याला कबूल केलंय. दुकान न हलवता रॅम्प बसवून दाखवा, मी नाही म्हणणार नाही. पण काम थांबवायचं नाही." पेशंटांची डॉक्टर, आणि भाच्याचं दुकान हलत नाही! मला त्यांना विचारायचं होतं की तुम्ही कोणाला चढवणार आहात त्या रॅम्पवर, भाच्याला? विचारलं नाही. एका दिवसाला तेवढं पुरे होतं.

त्या गेल्यावर काका म्हणाले, "बसव आता. तूच तोंड उघडलंस, तूच बसव." आणि टोपी घालून निघून गेले. खाली स्कूटर चार-पाच वेळा किक मारूनही सुरू होत नव्हती. मी वरून ऐकत होतो. मी गेलो नाही खाली.

तू आता तरी सगळं नीट लिही. दोन वाक्यांत नाही. भांडण नक्की काय झालं होतं?

तुझा भाऊ


शुक्रवार, २३ फेब्रुवारी

ताई,

अखेर पानभर लिहिलंस. दोनदा वाचलं. एकदा बाबांना वाचून दाखवलं, तू सांगितलं नव्हतंस तरी.

म्हणजे तू काकांना म्हणालीस, 'रॅम्प होता तसा करा, नाहीतर माझं नाव काढा.' काकांनी दोन्ही केलं नाही, म्हणून तू गेलीस. मला नाव एवढंच ऐकू आलं, रॅम्प ऐकू आला नाही. तू हावरट नव्हतीस, हे मला कळलं. मनात तसं आणलं होतं, ते मागे घेतो.

पण थांब. माझा राग त्याने संपला असं समजू नकोस. उलट आता तो कुठे ठेवायचा ते मला नीट कळलं आहे.

तू बरोबर होतीस. मग? नाव काढायला सांगितलंस, बॅग भरलीस आणि गेलीस. नाव काढल्याने रॅम्प एक इंच तरी लांब झाला असता का? उद्या बाबा त्याच्यावरून मागे घसरले असते, तर तू कुठल्यातरी दुसऱ्या गावात बसून म्हणाली असतीस, 'त्यावर माझं नाव नाही.' खुर्ची मी धरलेली असती. मला तर माहीतही नसतं की हा चोवीस फुटांचा होता. तू मला एक शब्द सांगितला नाहीस. का? मी बारावी नापास म्हणून? मला कळलं नसतं म्हणून? की मी तुझ्या खुर्चीवर बसलो म्हणून तुला वाटलं, बसू दे, याचं हा बघेल? काकांनी रेघ आखूड केली याचा तुला इतका राग आला, आणि तू अख्खा नकाशाच सोडून गेलीस, त्याचा नाही आला?

मला उत्तर नको आहे. कामाचं सांगतो.

मी रॅम्प वळवला आहे. सरळ चोवीस फूट बसत नाहीत, पण दवाखान्याच्या बाजूला, कुंपणाच्या आत, रुंद पट्टा मोकळा आहे. तिथून सुरुवात केली. पंधरा फूट बाजूने वर, मग कोपऱ्यावर एक सपाट चौथरा, पाच फूट बाय पाच, तिथे खुर्ची वळवायची, आणि मग नऊ फूट पुढच्या बाजूने दारापर्यंत. पुढे चौथरा धरून चौदाच फूट लागतात. दुकानाला धक्का नाही. रेलिंगच्या पट्ट्या तुकड्यातुकड्यांत आहेत, त्या दोन्ही बाजूंना बसतील. कोपऱ्याची एक नवी लागेल. रेलिंगवाल्याने त्यावरून मला बरंच ऐकवलं आणि शेवटी म्हणाला, "पाठव डीएक्सएफ."

मला चौथऱ्याची भीती वाटत होती. पडद्यावर पाच फूट म्हणजे काय ते कळत नाही, मोठं केलं की मैदान दिसतं आणि लहान केलं की टिकली. म्हणून घरी बाहेरच्या खोलीतलं सामान भिंतीला लावलं आणि फरशीवर खडूने खऱ्या मापाचा चौथरा काढला. बाबांना म्हटलं, "यात फिरून दाखवा. रेघेला चाक लागता कामा नये."

"परीक्षा घेतोस का माझी?"

"माझी आहे."

पहिल्यांदा चाक रेघेवर गेलं. बाबा म्हणाले, "तुझी रेघ वाकडी आहे." रेघ सरळ होती. दुसऱ्यांदा त्यांनी एक चाक धरून ठेवलं, दुसरं फिरवलं आणि जागच्या जागी गरकन वळले. मग परत वळले. मग तिसऱ्यांदा, काही गरज नसताना. तेवढ्यात काका दारात आले, पेपर घेऊन, नेहमीसारखे. खोलीत सामान हललेलं, मध्ये खडूचा चौकोन, चौकोनात त्यांचा भाऊ गरगर फिरतोय.

"हे काय चाललंय, दादा?"

"तुझा दवाखाना," बाबा म्हणाले. "आत येऊ नकोस. पाय पुसून ये."

काकांनी खरोखर पाय पुसले. मग रेघेच्या बाहेर उभे राहून बराच वेळ बघत राहिले. बसले नाहीत, पेपर उघडला नाही. जाताना मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "मी सही करतो. पण तुझ्या एकट्याच्या भरवशावर नाही. तिला तपासायला सांग." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना फोन करून." ते म्हणाले, "मी सांगितलं असं सांगू नकोस." म्हणून सांगतो आहे. या घरात कोणी कोणाला काही सांगू नकोस म्हणालं की तेवढंच सांगण्यासारखं असतं.

सोबत सगळं जोडलं आहे. एकटी शीट पाठवलेली नाही, ती तुझ्याकडे रिकामी उघडली असती. आराखडा, चौकट, जोडलेल्या सगळ्या फायली, तू ठेवायचीस त्याच पसाऱ्यात. 'आखणी'च्या रकान्यात माझं नाव घातलं आहे, तुझं काढलं. हेच म्हणत होतीस ना? 'तपासले' हा रकाना मोकळा आहे.

मला तीन गोष्टींची खात्री नाही. चौथऱ्यावर पाणी साचेल का, त्याला किती ढाळ द्यायचा, म्हणजे पाणी जाईल आणि चाक घसरणार नाही. दाराशी वर पोचल्यावर थांबायला जागा पुरेल का, कारण दार बाहेर उघडतं. आणि बाजूच्या खोलीची खिडकी रॅम्पवर उघडते, ती बाबांच्या डोक्याला लागेल का. बाकी चुका असतील त्या मला दिसत नाहीत, दिसल्या असत्या तर काढल्या असत्या.

गोड बोलून पाठवू नकोस. चुकलं असेल तर लाल करून पाठव, हवं तर अपमान कर. गवंड्याने सकाळपासून रॅम्पच्या फळ्या ठोकायला घेतल्या आहेत, सोमवारी काँक्रीट पडणार. ते पडायच्या आत काय ते बोल. नंतर तू कितीही बरोबर असलीस तरी ते मला फोडून काढता येणार नाही.

तुझा भाऊ